दिवा की डाग?

शिवी न देता माणसाचा अपमान करता येतो काय? १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकीत, सोंगे घेऊन सर्वांनी मिळून गोष्ट रचायची. पुढे रॉन एडवर्ड्स यांनी खेळण्यामागच्या ओढीचे तीन प्रकार सांगितले: चुरशीची, कथेची आणि कल्पित जग अनुभवण्याची. संज्ञा विचाराला उपयोगी होत्या. पण खेळाडूंनी त्या एकमेकांच्या कपाळी मारल्या आणि भांडणे जुंपली. परिभाषा खेळाला लावली तर दिवा, माणसाला लावली तर डाग! आवाज न चढवताही, समोरच्याला न कळणारा शब्द मिरवला की अपमान होतोच. नवख्याने ‘म्हणजे काय हो?’ विचारताच खेळ थांबवून जो समजावून सांगतो, तो मला खरा सभ्य वाटतो.