भूमि कोणाची, आणि राखावी कोणीं?

ज्याचें पोट पावसावर आहे त्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असावयाचेच. मृगांत खरिपाची पेर व हस्ताच्या सुमारास रब्बीची पेर, असा जो हिशेब आपल्या वाडवडिलांनीं बसविला होता, तो आतां पुष्कळदां चुकतो. 2012-13 सालीं पावसानें पाठ फिरविली, तेव्हां आपल्या दुष्काळी टापूंत माणसांसाठीं टँकर व गुरांसाठीं छावण्या सुरू कराव्या लागल्या. 2014 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत हातातोंडाशीं आलेलीं गहूं, हरभरा, ज्वारी हीं पिकें गारांनीं आडवीं केलीं. 2019 च्या ऑक्टोबरांत पाऊस खळेना, तेव्हां काढून ठेविलेल्या सोयाबिनास शेतांतच कोंब फुटले. अशा वर्षीं खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो: आभाळच जेथें फिरलें तेथें माणसानें काय करावें?

ह्या प्रश्नास दोन उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, ज्याचें शेत बुडालें त्याचें कांहीं पाप असावें. कोणी म्हणतो, नशिबापुढें इलाज नाहीं. हीं दोन्हीं उत्तरें ख्रिस्ती मनुष्यास शोभणारीं नाहींत. प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें आहे कीं, स्वर्गांतील पिता ऊन व पाऊस देतांना भल्याबुऱ्याचा भेद करीत नाहीं. मग वाळलेल्या शेतावरून शेजाऱ्याचें पाप मोजण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? आणि हिरव्या शेतावरून स्वतःचें पुण्य मोजण्याचा तरी कोणीं दिला? आतां राहिली नशिबाची गोष्ट. पाऊस देवाच्या हातीं आहे हें खरें. परंतु पडलेल्या पावसाचें जमिनीनें काय करावें, हें पुष्कळ अंशीं औत धरणाऱ्याच्या हातीं आहे. आणि जेथवर हात पोहोंचतो तेथवर जबाबदारीही पोहोंचते.

हें कसें तें पाहूं. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) व सोलापूर ह्या जिल्ह्यांतील काळ्या रानांत रब्बीची ज्वारी बहुतेक जमिनींत मुरलेल्या ओलीवरच येते. रान उघडें असलें म्हणजे पावसाचा थेंब सरळ मातीवर आपटतो, मातीचे कण फोडतो, आणि वर पोपडा धरतो. मग पाणी आंत न जातां ओघळीनें वाहतें व वरची कसदार माती बरोबर नेतें. पुढें ऊन पडलें कीं तेंच रान भेगाळतें आणि उरलेली ओल भेगांतून उडून जाते. परंतु मागील पिकाचीं धसकटें व पालापाचोळा यांनीं झांकलेल्या रानांत थेंबाचा मार पाचोळा सोसतो. कुजलेल्या मुळांच्या वाटेनें व गांडुळांच्या बिळांतून पाणी खालीं उतरतें. उन्हाची झळ मातीस कमी लागते. बाजरींत तूर, मटकी किंवा हुलगा असला तर त्या कडधान्यांच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र सांठतें आणि जमिनीस खाद्य मिळतें. मग दोन पावसांमध्यें तीन आठवड्यांचा खंड पडला तरी अशा रानांतील पीक कांहीं दिवस अधिक तग धरतें.

जमीन वारंवार उलथावयाची नाहीं, उघडी टाकावयाची नाहीं, एकच पीक वर्षानुवर्षें घ्यावयाचें नाहीं, आणि तिच्यांतून जें नेलें त्यांतील कांहीं शेणखताच्या व पाल्याच्या रूपानें तिला परत द्यावयाचें, ह्या रीतीस हल्लीं पुनरुज्जीवक शेती म्हणतात. रायगड जिल्ह्यांत नेरळ येथील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनीं भाताची चिखलणी व लावणी सोडून कायमच्या गादीवाफ्यांवर बीं टोकण्याची, आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच राहूं देण्याची रीत प्रचारांत आणिली आहे. सगुणा तंत्र ह्या नांवानें ती ओळखली जाते व भाताखेरीज इतर पिकांसही लावितात. नांवें नवीं आहेत, परंतु गोष्ट अगदींच नवी नव्हे. रानांत मेंढ्या बसविणें, उतारास ताली घालणें, बाजरींत तुरीचें तास धरणें, हें आपल्या आजोबांस ठाऊक होतें.

येथवर कोणाचा फारसा वाद नाहीं. खरा वाद पुढेंच आहे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांस स्वतःची जमीन नाहीं, किंवा आहे ती पोटापुरती नाहीं. तीं दुसऱ्याचें रान अर्धेलीनें अथवा खंडानें करितात, आणि तेंही बहुधा एका वर्षाच्या तोंडी बोलीवर. असा एखादा भाऊ विचारतो: “पाळकसाहेब, रानाचा कस वाढावयास कांहीं वर्षें लागतात. पुढल्या पाडव्यास मालकानें रान दुसऱ्यास दिलें तर माझे श्रम कोणाच्या पदरीं पडले? धसकटें रानांतच सोडलीं तर चूल कशानें पेटवूं? कडबा मातीस घातला तर बैलांनीं काय खावें?”

हा प्रश्न आळशाचा नव्हे. ज्यास लेंकरांच्या तोंडांत घांस घालावयाचा आहे अशा प्रामाणिक मनुष्याचा हा प्रश्न आहे. त्यास केवळ “देव पाहून घेईल” असें म्हणून वाटेस लावणें हा उपदेशकाचा धर्म नव्हे. जी जमीन आपली नाहीं, जिचें पुढलें पीक आपल्यास मिळेल अशी खात्री नाहीं, तिचें आपण कांहीं देणें लागतों काय? आणि लागत असलों तर किती?

पवित्र शास्त्रांत लेवीय ह्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय ह्याच विषयाचा आहे. त्यांत देवानें भूमीची मालकी स्वतःकडे राखिली आणि आपल्या लोकांस तिजवर पाहुण्यासारखें राहूं दिलें. तेव्हां देवाच्या दृष्टीनें सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे तोही कूळच, आणि अर्धेलीनें करणाराही कूळच. भेद एवढाच कीं एकाची मुदत आयुष्याची आणि दुसऱ्याची एका वर्षाची. मागच्याकडून जसें रान हातीं आलें त्याहून वाईट न करितां तें पुढच्याच्या हातीं देणें, हें प्रत्येक कुळाचें देणें आहे. परंतु ज्याची मुदत जेवढी, त्याचा भारही तेवढाच. एका वर्षाच्या कुळानें एका वर्षाचा भार वाहावा. आयुष्यभराच्या कुळानें आयुष्याचा वाहावा. मोठ्याचा भार लहानाच्या खांद्यावर टाकून त्यास कर्तव्य हें नांव देणें हा अन्याय होय.

त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. सातव्या वर्षीं भूमीस विसावा द्यावयाचा होता. त्या वर्षीं आपोआप जें उगवेल तें मालकानें कोठारांत भरावयाचें नव्हतें. त्यावर घरधन्याइतकाच चाकराचा, मजुराचा, उपऱ्याचा आणि गुरांचाही हक्क होता. म्हणजे जमिनीचा विसावा व गरिबाचें पोट हीं दोन्हीं देवानें एकाच आज्ञेंत गुंफिलीं. जो गरिबाचा विचार सोडून जमिनीचा कस राखूं पाहतो त्यानें अर्धी आज्ञा पाळली. जो जमिनीचा विचार सोडून केवळ आजचें पोट पाहतो त्यानेंही अर्धीच पाळली.

म्हणून आमचें पहिलें बोलणें मालकांशीं आहे, आणि आमच्या मंडळ्यांत मालकही आहेत. आपलें रान वाट्यानें द्यावयाचें असेल तर तें एका वर्षाच्या बोलीवर देऊं नका. तीन किंवा पांच वर्षांची बोली लेखी करा. शेणखताचा अर्धा खर्च उचला. कुळाच्या श्रमानें कस वाढला म्हणून मुदत सरतांच त्याच्यावरच खंड वाढवूं नका. जो मालक दर पाडव्यास कूळ बदलितो आणि मग हे लोक जमिनीची काळजी घेत नाहींत म्हणून गाऱ्हाणें करितो, त्यानें तें गाऱ्हाणें एकदां प्रार्थनेंत देवापुढें मांडून पाहावें. एखाद्या मंडळीची स्वतःची जमीन असेल, तर हा पाठ तिनें इतरांस सांगण्यापूर्वीं आपल्या रानांत गिरवावा.

ह्याच पेंचांत सांपडलेल्या लोकांमध्यें ज्यानें आपलें आयुष्य वेंचिलें असा एक ख्रिस्ती मनुष्य मराठी वाचकांस चांगला परिचयाचा आहे. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या 1981 सालच्या पुस्तकानें त्याचें नांव घरोघरीं पोहोंचविलें. गुलामगिरींत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 सालीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत टस्कीगी येथें शिक्षक म्हणून गेला. भोंवतालचे कृष्णवर्णीय शेतकरी बहुतेक दुसऱ्याचें रान वाट्यानें करीत, आणि एकसारख्या कापसानें तें रान निकस झालें होतें. जें विकत घ्यावें लागत नाहीं त्यापासून कार्व्हरनें आरंभ केला. जंगलांतील पाला व दलदलींतील कुजका गाळ शेतांत घालावा, कापसाशीं आळीपाळीनें चवळी, भुईमूग, रताळीं घ्यावींत, असें तो सांगे. 1906 सालीं शेतीचें शिक्षण देणारी एक गाडीच सिद्ध करण्यांत आली व ती खेडोपाडीं फिरूं लागली. 1943 सालीं तो वारला. वाट्याचा करार आणि सावकाराचें कर्ज बदलणें त्याच्या हातीं नव्हतें. कापूसच लाव म्हणणाऱ्या मालकापुढें गरिबाचें चालत नसे. तरी सगळा न्याय होईपर्यंत तो थांबून राहिला नाहीं, जें हातीं होतें तें त्यानें शिकविलें. चांगली रीत शिकविणें हें अर्धें काम, आणि ती रीत पाळणें गरिबास परवडेल असें करणें हें उरलेलें अर्धें, एवढें आपण त्याच्या चरित्रावरून ओळखावें.

हें उरलेलें अर्धें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. पाणी बांध ओळखीत नाहीं. वरच्या शेताचें पाणी खालच्या शेतांत उतरतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून स्वतःवर निर्बंध घालून घेतले. शेतीसाठीं विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहींत, ऊस लावावयाचा नाहीं, डोंगरावर गुरें मोकाट सोडावयाचीं नाहींत, आणि दरवर्षीं पडलेल्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकें ठरवावयाचीं. परंतु चराई बंद करितांना लोकांस त्या डोंगरावरील गवत विळ्यानें कापून नेण्याची मोकळीकही ठेविली. एका हातानें कांहीं मागितलें तर दुसऱ्या हातानें कांहीं दिलें, म्हणून निर्बंध टिकले. पाचोळा रानांत राखावा असें आपण गरिबास सांगतों, तेव्हां त्याच्या बैलाच्या कडब्याची व त्याच्या चुलीची तजवीज हीही आपली गोष्ट होते.

आतां एक सावधगिरीची सूचना. ही रीत म्हणजे देवाशीं केलेला सौदा नव्हे. गारा पडल्या तर झांकलेल्या रानांतील पीकही आडवें होतें. पाऊसच पडला नाहीं तर पाचोळ्यांतून पाणी निघत नाहीं. नांगरट सोडल्यावर पहिलीं कांहीं वर्षें तण फार माजतें. सगुणा तंत्रांतही त्यासाठीं तणनाशकाची मदत घेतात. म्हणून कोणी एकदम सगळें रान ह्या रीतीस लावूं नये. दहा गुंठ्यांवर करून पाहावें, आणि शेजारच्या रानाशीं ताडून पाहावें. जो उपदेशक “असें करा म्हणजे देव भरघोस पीक देईल” असें वचन देतो, तो न दिलेलें वचन देवाच्या नांवावर घालतो. आणि पहिल्याच दुष्काळांत ऐकणाऱ्याचा शेतीवरचा विश्वास जातो व देवावरचाही जातो.

मग फळाची हमी नसतां हें कां करावें? आजारी आईची शुश्रूषा आपण ती बरी होण्याची हमी घेऊन करीत नाहीं. ती आपली आई आहे व आपण तिचें देणें लागतों म्हणून करितों. जमिनीचेंही तसेंच आहे. बहुधा तिची सेवा फळास येते, आणि तें फळ आपण आभारपूर्वक घ्यावें. परंतु ज्या वर्षीं तें येत नाहीं त्या वर्षीं आपली सेवा व्यर्थ गेली असें नाहीं. माती जागेवर राहिली, आणि ती पुढल्या कुळाच्या हातीं गेली.

आमच्या खेड्यांतील सुवार्तिक बंधूंस शेवटीं एक विनंति. सुगीच्या उपासनेंत लोक धान्याचें अर्पण घेऊन येतात, तेव्हां “यंदा किती पोतीं झालीं?” असें आपण विचारतों. त्याच्या जोडीस आणखी दोन प्रश्न विचारावेत. रान कसें ठेविलें? आणि ज्यानें तें राखिलें त्याच्या पदरीं काय पडलें? ह्या प्रश्नांचीं उत्तरें देतांना कोणी मालक ओशाळला तर बरेंच. कोणी कूळ ओशाळलें तर त्यास मंडळीनें हात द्यावा. दोन-तीन घरांनीं मिळून कडब्याची एक सामायिक गंज रचावी, कडधान्याच्या बियांची एक कणगी मंडळींत भरून ठेवावी. एवढ्यापासूनही आरंभ होऊं शकेल.

ज्या प्रभूनें आपणांस थोड्या मुदतीसाठीं आपल्या रानांत राहूं दिलें, तो आपणांस तें चांगल्या स्थितींत परत करण्याची बुद्धि व एकमेकांचा भार वाहण्याची कृपा देवो.