खाण रात्री थांबत नाही

1872 साली चिलीच्या आटाकामा वाळवंटात, लास सालिनास इथे, चार्ल्स विल्सन या अभियंत्याने उथळ लाकडी पेट्यांवर तिरक्या काचा बसवल्या. विहिरीचं खारं पाणी उन्हाने तापे, वाफ काचेखाली जमे आणि गोडं पाणी ओघळून पन्हाळीत पडे. साडेचार हजार चौरस मीटरांवर पसरलेलं हे काम दिवसाला वीसएक हजार लिटर पाणी देई. ते पीत सोऱ्याच्या खाणींचा माल ओढणारी खेचरं. जेवढं ऊन, तेवढं पाणी.

आज त्याच वाळवंटात एस्कोंदिदा ही जगातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच. तिच्यासाठी किनाऱ्यावरच्या पुएर्तो कोलोसोला समुद्राचं पाणी गोडं होतं, सेकंदाला हजारो लिटर, आणि नळांतून डोंगर चढतं. हिशेब करून पाहावा: हजार लिटर गोडं करायला साधारण तीन-चार युनिट वीज लागते. तेवढंच पाणी वर न्यायला मात्र गुरुत्वाकर्षणच साडेआठ युनिट मागतं. पंपांची तूट धरली तर आकडा दहाच्या पुढे जातो. मीठ काढणं स्वस्त, चढ महाग. 'समुद्राचं पाणी महाग पडतं' असं आपण म्हणतो, तेव्हा इथे तरी दोष डोंगराचा असतो.

तिथे उन्हाला तोटा नाही. पृथ्वीवरचं सर्वांत प्रखर ऊन आटाकामात पडतं. भरदुपारी उत्तर चिलीत विजेचा घाऊक भाव कधी कधी शून्यावर येतो. मग दुपारीच पाणी चढवून टाकीत का साठवू नये? काही प्रमाणात साठवताही येईल. पण अब्जावधी डॉलर ओतलेला प्रकल्प रात्री गप्प बसवणं कुणाला परवडतं? 2022 पासून एस्कोंदिदाची वीज अक्षय स्रोतांच्या करारांतून येते. करार चोवीस तासांचा, सूर्य मात्र नाही. त्याच वाळवंटातल्या 'सेर्रो दोमिनादोर' या सौर प्रकल्पात वितळलेल्या क्षारांत उष्णता साठवून सूर्यास्तानंतर साडेसतरा तास वीज काढण्याची सोय केली गेली. गंमत म्हणजे, हे क्षार नायट्रेटचेच. ज्या सोऱ्यासाठी एकेकाळी हे वाळवंट खणलं गेलं, त्याच जातीचे.

माझ्या मते समुद्राचं पाणी वर नेण्यातला खरा लाभ स्वस्त विजेत नाही. 2020 पासून एस्कोंदिदाने पठारावरच्या भूजलाचा उपसा बंद केला, हा आहे. पण त्याच वर्षी पुंता नेग्रा या क्षारपठाराच्या नुकसानीबद्दल चिलीच्या सरकारी वकिलांनी कंपनीला न्यायालयात खेचलं. समुद्राचं पाणी खाणीला पुरतं. त्या क्षारपठारावरच्या आटलेल्या पाणथळी मात्र त्याने आपोआप भरत नाहीत.