छत्तीस तत्त्वांत एक पुटकुळी

महापे एमआयडीसीत मी कच्चा माल तपासते. सॅलिसिलिक ॲसिडची पांढरी पूड रोजचीच. परवा भाचीने मुरुमांवरची ट्यूब पुढे केली. "आत्या, देह नश्वर म्हणतेस ना? मग हे लावू की नको?"

प्रश्न खोटा नाही. पण ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात देहाला नुसतं नश्वर म्हणून सोडलं नाही. त्याला 'क्षेत्र' म्हणत त्याची छत्तीस तत्त्वं मोजून दाखवली. त्यात पंचमहाभूतं आहेत, तसा अहंकारही. सुश्रुताने तर तारुण्यातल्या पुटकुळ्यांवर वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप सांगितला. वैराग्याचं प्रवचन नाही दिलं.

ट्यूबवरची यादीही तशीच वाचावी. सॅलिसिलिक, बहुधा २ टक्क्यांपर्यंत, छिद्रात अडकलेल्या मृत पेशी सोडवतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं; २.५ टक्के पुष्कळदा पुरतं, १० टक्क्यांनी आगच जास्त. आरशापुढचं रडू मात्र अहंकाराच्या खात्यातलं, तिथे ट्यूब पोचत नाही. म्हणून ती फेकून द्यावी, हेही मला पटत नाही.

"लाव," म्हटलं, "पण पातळ. आणि उशीला पांढरा अभ्रा घाल. बेन्झॉइलने रंगीत कापडाचा रंग उडतो."