हायस्कूल कुणाचं?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने एक अधिसूचना काढली. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला शिक्षणहक्क कायद्याने गरीब, वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट, असा तिचा आशय. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. निकाल योग्यच होता. संसदेने दिलेला हक्क राज्याला नियमांच्या आडून काढून घेता येत नाही. तरी त्या काही महिन्यांत जे बोललं गेलं, ते अजून सलतं. अधिसूचनेची बाजू घेणारे म्हणत, जवळ अनुदानित शाळा आहे ना, मग गरिबाने तिथे जावं. विरोध करणारे म्हणत, गरिबाच्या पोराला तिथे ढकलू नका. भांडण प्रवेशाचं होतं. अनुदानित शाळा म्हणजे शिक्षा, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. माझा वाद या एकमताशी आहे आणि तो मी धुळ्यातल्या देवपूरच्या जमिनीवर उभा राहून करणार आहे.

धुळ्याच्या पेठा ब्रिटिश अमदानीत कॅप्टन ब्रिग्जने आखल्या. पांझरेपलीकडचं देवपूर आधी एकवीरादेवीचं आणि पुढे शाळा-कॉलेजांचं झालं. जयहिंद संस्थेचं झुलाल भिलाजीराव पाटील महाविद्यालय इथलं आणि शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालयही इथलंच. शिंदखेडा, साक्री, शिरपूरकडच्या किती घरांनी पोरांच्या शिक्षणासाठी देवपुरात खोली केली, पुढे प्लॉट घेतला आणि कायमचं बिऱ्हाड थाटलं! देवपूरच्या कॉलन्या वाढल्या त्या शाळांच्या आधाराने. आज त्याच कॉलन्यांतून सकाळी पिवळ्या बसा निघतात आणि जवळच्या अनुदानित हायस्कुलावरून पुढे जातात.

त्या हायस्कुलात आहे काय? आधी मोजता येईल ते सांगतो. आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारी पोषण आहार. मुलींना बारावीपर्यंत फी नाही आणि खेड्यातून येणाऱ्या मुलीला एस.टी.चा पास फुकट. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. तिच्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. पंचवीस टक्क्यांतून इंग्रजी शाळेत गेलेल्या हुशार पोराला तिला मुकावं लागतं, आणि हे प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी सांगत नाही.

याहून मोठी गोष्ट नववीत कळते. शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. पंचवीस टक्क्यांतला मुलगा आठवी पास झाला की पुढची पूर्ण फी घरावर येते. जूनमध्ये हायस्कुलाच्या ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिलं की हा कायदा कसा संपतो ते दिसतं. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, गुणपत्रक आणि इंग्रजी शाळेचा दाखला. मुलगा मागे, मान खाली. आठ वर्षं इंग्रजीत गणित शिकलेल्या या पोराला आता मराठीत भूमिती शिकायची असते. लिपिक दाखला बघतो, जनरल रजिस्टर उघडतो, पुढचा नंबर टाकतो आणि नाव लिहितो. प्रवेश परीक्षा नाही, पालकांची मुलाखत नाही, डोनेशन नाही. ज्या शाळेला दोन्ही बाजूंनी शिक्षा ठरवलं, तीच शाळा कायदा जिथे हात सोडतो तिथे त्याला आत घेते.

ते जनरल रजिस्टरही बघण्यासारखं असतं. जातपडताळणीसाठी अनुसूचित जमातीला १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा पुरावा जड ठरतो. असा पुरावा गरिबाच्या घरात क्वचितच असतो. तो आजोबांच्या शाळेतल्या कपाटात असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरंही धुंडाळली गेली. आजोबांनी चौथीतच शाळा सोडली असली, तरी त्यांच्या नावासमोरच्या रकान्यावर नातीचा मेडिकलचा प्रवेश टिकतो. हायस्कूल कुटुंबाला काय देतं, या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे, आणि निकालाच्या टक्केवारीत ते मावत नाही.

एवढं देणारी शाळा मग ओस का पडते? मुलं कमी झाली म्हणजे पालकांनी निकाल दिला, तो मान्य करा, असा युक्तिवाद हल्ली सर्रास ऐकू येतो. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९५५ मध्ये शिक्षणाच्या व्हाउचरची कल्पना मांडली, तीत हाच विचार होता: पालकाच्या हाती पैसा द्या, नको ती शाळा तो सोडेल आणि शाळा सुधारतील. याला मला पटलेलं उत्तर दुसऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाने, आल्बर्ट हर्शमनने, १९७० च्या छोट्याशा पुस्तकात दिलं. नायजेरियातली रेल्वे पाहताना त्याला कोडं पडलं होतं. ट्रकांनी माल पळवला, तरी रेल्वे सुधारत का नाही? त्याचं उत्तर असं: ज्यांना वाईट सेवा सर्वांत आधी खुपते, तक्रार करण्याची धमक आणि ओळख ज्यांच्याकडे असते, तेच आधी निघून जातात. मागे उरतात ते आवाज नसलेले. आणि तोटा सरकारी तिजोरीतून भरून निघत असल्याने वरच्यांना जाग येत नाही. शाळांबद्दल त्याने हेच म्हटलं: मुलाच्या शिक्षणाविषयी दक्ष असणारे पालक बाहेर पडले, की शाळेला जाब विचारणारंच कुणी राहत नाही.

देवपूरला हे तंतोतंत लागू पडतं, पण एका ठिकाणी हर्शमनला दुरुस्त करावं लागतं. आपल्याकडे मुलं गेल्याचा फटका कुणालाच बसत नाही असं नाही. तो शिक्षकाला बसतो. पट कमी झाला की संच मान्यतेत पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनासाठी जिल्हाभर फिरतो. म्हणून मे-जूनमध्ये गुरुजी खेडोपाडी मुलं गोळा करत हिंडतात. कुणी गणवेश देऊ करतो, कुणी सायकल. संस्थेच्या कार्यकारिणीला मात्र याची झळ क्वचितच लागते. आणि वर्गातल्या शिकवण्याने पट वाढवायला शिक्षकाला उसंतच मिळत नाही. फ्रीडमनचा बाजार इथे आला आहे, पण त्याने शिक्षकाला उत्तम शिक्षक केलं नाही, पट भरणारा केलं.

इथवर आल्यावर सोपा निष्कर्ष समोर असतो: गेलेल्यांना परत आणा. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या अधिकाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी शाळेत घालावीत असा आदेश दिला, तेव्हा अनेकांना तो पटला. साहेबाचं पोर बाकावर बसलं की गळकं छप्पर दुरुस्त होईल, हा त्यातला हिशेब. पण त्या हिशेबापाशी थांबणं मला मान्य नाही.

हर्शमन स्वतः बर्लिनमधून नाझींच्या राजवटीत बाहेर पडला आणि १९४० मध्ये मार्सेय बंदरातून इतरांना बाहेर काढण्यासाठी जिवावर उदार होऊन राबला. बाहेर पडण्याची किंमत त्याला माहीत होती. त्याने ते कधी पाप मानलं नाही. आपल्याला तर त्याहून जवळचा दाखला आहे. बाबासाहेबांनी महाडला पाण्यासाठी आवाज दिला, नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आवाज दिला. दार उघडलं नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथून फार लांब नसलेल्या येवल्यात त्यांनी हिंदू धर्मातून बाहेर पडण्याची घोषणा केली. आवाज ऐकला जात नसेल तर बाहेर पडणं हाच स्वाभिमान असतो. मोलमजुरी करून पोराला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईला त्यामुळे मी दोष देणार नाही. तिच्या जाण्याने शाळा खचली असं म्हणण्याआधी विचारलं पाहिजे, ती इथे असताना तिचं कोण ऐकत होतं?

आणि या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं एकविसावं कलम शाळा व्यवस्थापन समितीचं. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या महिला. कारभारावर देखरेख करायची, शाळेचा विकास आराखडा करायचा, मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायचं. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांमधली ही समिती फक्त सल्लागार करून टाकली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकाला देखरेखीचा अधिकार, अनुदानित शाळेतल्या पालकाला सल्ल्याचा. पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे त्याच पालकाच्या करातून. शाळा मात्र संस्थेची. एकाच कायद्याने बाहेर पडायला पंचवीस टक्क्यांची वाट करून दिली आणि आत राहणाऱ्याच्या आवाजावर तीन वर्षांत झाकण घातलं. मग वाट वाहती राहिली आणि हायस्कूल ओस पडलं, यात नवल ते काय?

या झाकणाचा अर्थ काय, ते एका निर्णयात दिसतं. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांमधली शिपायांची पदं मोडीत काढून तिथे भत्ता आणला गेला. घंटा कोण देणार, मुलींची स्वच्छतागृहं कोण धुणार, संध्याकाळी फाटकाशी कोण थांबणार, हे आईला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने तासभर सांगितलं असतं, कारण तिची मुलगी त्याच फाटकातून येते.

म्हणून मागणी माणसं परत आणण्याची नको, अधिकार आणण्याची हवी. १९७६ च्या दुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे. राज्याने अनुदानित शाळांच्या समितीवरचा सल्लागारपणाचा शिक्का पुसण्यासाठी दुरुस्ती आणावी. तोवर अनुदानाची अट म्हणून तरी संस्थेचा जमाखर्च आणि शिक्षक-निवडीचे गुण पालकांसमोर ठेवायला लावावेत. नववी-दहावीलाही तशीच समिती हवी आणि पंचवीस टक्क्यांतल्या मुलाचं शिक्षण दहावीपर्यंत मोफत हवं; मग हायस्कुलात जो येईल तो फी थकली म्हणून नव्हे, निवड करून येईल. हे झालं तर पालक जातील की राहतील हे त्यांनी ठरवावं. आज मात्र ते ठरवत नाहीत. त्यांच्यासमोर एकच दार आहे आणि ते बाहेर उघडतं. आत बोलण्याचा हक्क मिळालेला पालक जेव्हा शाळा सोडेल, तेव्हाच त्याला निकाल म्हणता येईल.