“मला माहीत नव्हते” एवढे पुरेसे आहे का?



मध्यरात्री दार ठोठावले तरी उठणारे, गरिबाकडून पैसे न घेणारे डॉक्टर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. अशा डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वी शिकलेला उपचार आजही केला, तो आता चुकीचा ठरला आहे हे त्यांना ठाऊक नसले आणि रुग्णाला अपाय झाला, तर त्यांचा दोष किती? हेतू तर शुद्धच होता!

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार मानले. कितीही धडपड केली तरी जे कळणे शक्य नाही, त्या अज्ञानाचा दोष लागत नाही. परंतु जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे आणि प्रयत्न केल्यास कळू शकते, ते न जाणणे हा हलगर्जीपणा आहे. म्हणून तो दोष आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात हा फरक स्पष्ट दिसला. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४६ साली सुइणींच्या विभागात शंभरात तीनहून कमी, तर डॉक्टरांच्या विभागात अकराहून अधिक स्त्रिया दगावल्या. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येत. १८४७ मध्ये डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली त्याच विभागातील मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे एकवर आले.

त्याआधीच्या डॉक्टरांना दोषी म्हणता येणार नाही, कारण हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. मात्र हे आकडे समोर आल्यावरही अनेक नामवंत डॉक्टरांनी ते मानले नाहीत. हात तेच, न धुतलेले. पण कालचे अज्ञान निर्दोष होते, आजचे राहिले नाही. विद्वत्ता आणि प्रतिष्ठा यांनीच त्यांची वाट अडवली.

आपल्या देशात २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना दर पाच वर्षांत किमान ३० तास पुढील शिक्षण घेण्यास सांगितले. म्हणजे वर्षाला सहा तास! नियम आवश्यकच आहे. परंतु सभागृहात सही करून मागच्या दाराने निघून जाणाऱ्याला नियम शिकवू शकत नाही. “मला अजून शिकायचे आहे” असे सदसद्विवेकबुद्धीनेच सांगावे लागते. डॉक्टरांच्या बाबतीत अभ्यास हा सेवेचाच भाग आहे. दयाळूपणा त्याची भरपाई करू शकत नाही.

आणि आपण? साधी सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिकचा विषाणूंवर परिणाम होत नाही. हे समजावून एखादे डॉक्टर नुसती विश्रांती घ्यायला सांगतात, तेव्हा “यांना काही येत नाही” म्हणत आपण दुसरा दवाखाना गाठतो. म्हणजे जो नवे ज्ञान पाळतो त्यालाच आपण शिक्षा करतो आणि मग डॉक्टर सुधारत नाहीत अशी तक्रारही करतो.

म्हणून एक विनंती. हे औषध कशासाठी, ते खरोखर लागणार आहे का, असे डॉक्टरांना नम्रपणे अवश्य विचारा. आणि एखादे डॉक्टर म्हणाले, “थांबा, मी जरा पुस्तकात पाहून सांगतो,” तर त्यांच्यावरचा विश्वास कमी होऊ देऊ नका. उलट तो वाढायला हवा.