‘शांती’ करणारा

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात (५:९) ‘एइरेनोपोइओस’ हे ग्रीक विशेषण येते. नव्या करारात ते अन्यत्र कोठेही आढळत नाही. ‘एइरेने’ म्हणजे शांती, ‘पोइएइन’ म्हणजे करणे, घडविणे. काव्यवाचक ‘पोइएसिस’ ही संज्ञाही याच धातूची. म्हणजे हा शब्द शांतिप्रिय माणसाचा नव्हे, शांती रचणाऱ्याचा आहे. ‘एइरेइन’ (ओवणे) या धातूशी तिची सांगितली जाणारी व्युत्पत्ती मोहक असली तरी सिद्ध झालेली नाही. हेसिअडने सांगितलेले नाते मात्र अधिक बोलके आहे: एइरेने ही थेमिसची कन्या आणि दिके, म्हणजे न्याय, ही तिची सख्खी बहीण.

आपली ‘शांती’ येते ती ‘शम्’पासून. शमणे म्हणजे निवणे, विझणे. वैदिक यज्ञात पशूला मारणाऱ्यास ‘शमितृ’ म्हणत. ही संज्ञा केवळ सौम्योक्ती मानून सोडून देता येत नाही. ज्याचा आवाज बंद झाला तो शांत झाला, असे समजण्याची सोय भाषेतच आहे, हे ती दाखविते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ‘तंटामुक्त’ हा शब्द अभावाचा आहे. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावी बांधाचा वाद समितीपुढे आला आणि दुबळ्या पक्षाने भिडेपोटी तक्रार मागे घेतली, असे समजू. नोंदवहीतला तंटा मिटला. पण येथे कोणी काही रचले काय? की केवळ शमविले? उलट, दोघांना मान्य होईल अशी हद्द मोजून घेतली गेली, तर मध्यस्थ खऱ्या अर्थाने ‘पोइएतेस’ ठरतो. मिटविणारा तोच, शब्दही तोच.

मराठवाड्याला हा भेद नवा नाही. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘नामांतर’ नव्हे, ‘नामविस्तार’ झाला. पुसेगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. ‘विस्तार’ ही निर्विवादपणे रचना होती: दोन्ही नावे एका ओळीत बसविणारी. मात्र जुने नाव सोबत राहू द्यावे, ही तडजोड ज्यांची घरे जळाली होती त्यांच्याकडूनच मागितली गेली.