घसारा कुणाचा?

कोल्हापूरच्या दसरा चौकात विजयादशमीच्या सायंकाळी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा ती पाहता यावी म्हणून माणसे आपल्या मुलांना खांद्यावर घेतात. राजाराम महाराजांच्या काळातील ही गाडी. काळाबरोबर तिचे मोल वाढतच गेले. परंतु असे भाग्य एखाद्याच मोटारीच्या वाट्याला येते. इतर गाड्या दुकानाच्या दारातून रस्त्यावर आल्या की त्याच दिवसापासून त्यांची किंमत उतरू लागते. हिशेबाच्या भाषेत यास घसारा म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वस्तू वापरात घासली गेली, झिजली, म्हणून तिचे मोल घटले, हा त्यातील सरळ भाव.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात एक तरुण माझ्याकडे आला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तो चांगल्या पदावर आहे. घरात वृद्ध आईवडील, दोन मुले. त्याच्या मनात एक पाच वर्षांची, मोठी, साहेबी थाटाची मोटार भरली होती. नवी असताना ती त्याच्या आवाक्याबाहेरची होती; आता ती हाताशी आली होती. गाडीचा मालक एक छोटा फाउंड्रीवाला. त्याच्याकडील कामाची मागणी मंदावली होती आणि बँकेचा हप्ता येत्या दहा तारखेस भरावयाचा होता. मध्यस्थाने तरुणाच्या कानात सांगितले होते, "घाई करू नका. दहा तारीख उलटू द्या. माणूस स्वतःच पन्नास हजारांनी खाली येईल."

"फादर, थांबावं की आत्ताच घ्यावी?" त्याने विचारले. प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा होता. परंतु तो माझ्याकडे आला, यावरूनच त्याच्या मनाला काहीतरी टोचत होते हे उघड होते.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. विमा कंपन्यांच्या रूढ तक्त्यानुसार मोटारीचे मोल पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षअखेर १५, दोन वर्षांनी २०, तीन वर्षांनी ३०, चार वर्षांनी ४० आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांनी घटलेले धरतात. व्यवसायातील मोटारीसाठी आयकर खाते दरसाल १५ टक्के घसारा उरलेल्या किमतीवर मान्य करते. समजा, गाडी ३० लाखांची आहे. या हिशेबाने पहिल्या वर्षी साडेचार लाख उतरतील, पाचव्या वर्षी मात्र सुमारे दोन लाख पस्तीस हजारच. प्रत्यक्ष बाजारात मोठ्या गाड्या बहुधा याहून वेगाने उतरतात, पण उताराचे वळण तेच राहते. म्हणजे जितके अधिक थांबावे तितका थांबण्याचा लाभ कमी होत जातो. आणि टायर, बॅटरी, सस्पेन्शन यांचा खर्च मात्र वाढत जातो. जेथे पुढील वर्षाची घट आणि पुढील वर्षाची दुरुस्ती एकमेकींच्या जवळ येतात, तेथे शहाण्याने थांबणे थांबवावे. हे गणित कोणताही अनुभवी मिस्त्री बोटांवर करून दाखवील.

त्या महिन्यात आणखी एक कारण होते. नव्या मोटारींवरील कर उतरणार, असे संकेत १५ ऑगस्टपासून मिळू लागले होते. पुढे २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के असा दर लागू झाला. पूर्वी मोठ्या गाड्यांवर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत कर होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीही उतरते. ही वार्ता वर्तमानपत्रांत होती, घेणाऱ्यास आणि विकणाऱ्यास सारखीच ठाऊक होती. तिच्यासाठी थांबण्यात काही गैर आहे, असे मला वाटत नाही.

परंतु दहा तारखेसाठी थांबणे ही गोष्ट निराळी आहे. वयामुळे गाडीचे मोल घटते, करामुळे घटते, तेव्हा घसारा गाडीचा असतो. मालकाच्या घरी पैसे संपत आले म्हणून ती स्वस्त होते, तेव्हा गाडीत काहीही झिजलेले नसते. नऊ तारखेचे इंजिन अकरा तारखेलाही तेच असते. झिजलेला असतो तो माणूस. मग त्या पन्नास हजारांना घसारा म्हणावे काय?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या ईशज्ञानविषयक महाग्रंथात खरेदी-विक्रीतील कपटावर एक स्वतंत्र प्रश्नच घेतला आहे. त्यांच्या मते न्याय्य किंमत म्हणजे काट्यावरचा एकच बिंदू नव्हे. ती अंदाजाची बाब आहे आणि थोडे इकडे-तिकडे झाल्याने न्याय मोडत नाही. तेव्हा घासाघीस हे पाप नाही, ही गोष्ट आमच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाणाऱ्या माताभगिनींनी निश्चिंतपणे ऐकावी! मात्र घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणास्तव विकणाऱ्याने भाव चढवू नये, असे ते सांगतात. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हाच न्याय उलट बाजूनेही लावावयास हवा. विकणाऱ्याची अडचण ही घेणाऱ्याच्या मालकीची नाही. तिच्यातून मिळणारी सवलत त्याने कोणत्या हक्काने खिशात घालावी?

यावर तरुणाने एक रास्त आक्षेप घेतला. "मी घेतली नाही, तर दुसरा कुणी याहून कमी देईल. मग माझ्या थांबण्याने काय बिघडतं?" बाजार असाच चालतो, हे मी नाकारले नाही. आणि त्याने संसाराची ओढाताण करून त्या मालकावर उपकार करावेत, असेही माझे म्हणणे नव्हते. गाडीची जी वाजवी किंमत मिस्त्री सांगेल, तिच्या खालच्या टोकाला त्याने खुशाल व्यवहार करावा. दुसरा कमी देईल हे खरे. परंतु दुसऱ्याच्या कृतीचा जाब दुसऱ्याकडे मागितला जाईल.

आता विकणाऱ्याचे कर्तव्य पाहू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि कितीतरी मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी धुऊन-पुसून, नवे गालिचे घालून उभी केली की डोळ्यांना काही कळत नाही. तारांचे जोड गंजतात ते पुढे केव्हातरी. अक्विनास सांगतात, घोडा एकाक्ष असेल तर ते गिऱ्हाइकास दिसतेच, तेथे सांगण्याची सक्ती नाही. पण ज्या लपलेल्या दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याचा जीव धोक्यात येईल, तो दोष सांगितलाच पाहिजे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की जेथे दोष लपवले जातात तेथे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो, सर्वांनाच कमी किंमत देऊ करतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हाच निबंध मुख्यत्वे होता. एकाच्या असत्याची किंमत शेजारच्या सत्यवानाला मोजावी लागते, ही गोष्ट आपल्या आजीलाही ठाऊक होती.

तो तरुण दहा तारखेपूर्वीच गेला. मिस्त्रीने सांगितलेल्या दोन आकड्यांपैकी खालचा आकडा त्याने सांगितला आणि हप्त्याचा विषय काढलाच नाही. फाउंड्रीवाला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एक गोष्ट सांगतो. एकवीसच्या पुरात हिच्यात पाणी आलं होतं. पायाखालच्या गालिच्यापर्यंत. वर नाही." मिस्त्रीने गालिचा उचलला, सांध्यात वाळलेला गाळ होता, तारा मात्र शाबूत होत्या. त्यासाठी चाळीस हजार कमी झाले, तेही मालकाने स्वतः सुचवले म्हणून.

पुढे ऑक्टोबरमध्ये त्याच बनावटीची गाडी पुण्यात काहीशी स्वस्त गेल्याचे त्या तरुणाच्या कानी आले. त्याने ते मला येऊन सांगितले. आपले नुकसान झाले की नाही, हे त्याला नक्की ठरवता येत नव्हते. मीही ते ठरवून दिले नाही. एवढेच विचारले, की शिरोलीच्या रस्त्यावर तो फाउंड्रीवाला समोरून येताना दिसला, तर गाडीची काच खाली करून त्याला हाक मारता येते काय?

"येते की," तो म्हणाला. "परवाच मारली."